कृपेची पंगत

प्रस्तावना

पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा शेवट एका अपेक्षेने होतो. विश्वासात आलेल्या माणसाने प्रभू येशूच्या कृपेत आणि त्याच्या ओळखीत वाढत राहावे, ही ती अपेक्षा. ती वाचताना एक प्रश्न पडायला हवा. कृपा जर देवाने फुकट दिलेली असेल, आपल्या कोणत्याही कर्माने ती मिळत नसेल, आणि इफिसकरांना लिहिताना पौलाने हे निक्षून सांगितले असेल, तर तिच्यात वाढायचे म्हणजे काय करायचे? मिळालेले दान अपुरे होते का? उरलेले मिळवण्यासाठी आता आपण काही करून दाखवायचे आहे का?

हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती लिहिले आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये या प्रश्नाचे एक तयार उत्तर चालते. रविवारची उपासना चुकवू नका, दशांश द्या, उपवास धरा, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करा, म्हणजे देव अधिक प्रसन्न होईल. या सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत आणि पुढच्या प्रकरणांत त्यांच्यावर सविस्तर लिहिले आहे. पण त्यांचा हिशेब मांडायला लागलो की कृपा संपते आणि मजुरी सुरू होते. ज्याने सगळे नेमाने केले तो आतून ताठर होतो. ज्याला जमले नाही तो देवाला तोंड दाखवायला लाजतो. दोघेही देवापासून लांबच राहतात.

देवाची आपल्यावरची माया पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच शेवटच्या दिवशी असते, असे माझे ठाम मत आहे. वाढायची असते ती आपली त्याच्याशी जवळीक. ती वाढली की ज्या गोष्टी आपण मरेपर्यंत सोडल्या नसत्या त्या एकेक करून सुटू लागतात. आणि या वाढीची एक कसोटी आहे. ती प्रार्थनेच्या लांबीत दिसत नाही, डोळ्यांतल्या पाण्यातही नाही. माणूस कोणाच्या पंगतीला बसतो आणि कोणाला आपल्या पंगतीला बसवतो, इथे ती दिसते. ही कसोटी माझ्या पदरची नाही. ज्याच्या नावाने ते पत्र आहे, त्या पेत्राच्याच आयुष्यात ती लागली होती.

पेत्राकडे थोडे थांबून पाहू. गालीलच्या सरोवरावरचा हा कोळी येशूच्या मागे निघाला तेव्हा त्याने जाळी सोडली, घर सोडले. येशू ख्रिस्त आहे हे बारा जणांत प्रथम स्पष्टपणे बोलला तोच. आणि पकडले गेल्याच्या रात्री, मुख्य याजकाच्या वाड्यात शेकोटीजवळ बसून, या माणसाला मी ओळखत नाही असे तीनदा म्हणाला तोही तोच. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठावर पुन्हा एक शेकोटी पेटते. तिच्यावर मासळी भाजलेली असते, भाकर असते, आणि येशू सगळ्यांना न्याहारीला बोलावतो. खाणे झाल्यावर तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? झाल्या गोष्टीचा जाब विचारत नाही, शपथ घ्यायला लावत नाही. आधी जेवू घालतो, मग प्रेमाचे विचारतो आणि लगेच मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. कृपा म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने योहानाचा एकविसावा अध्याय सावकाश वाचावा.

पुष्कळ उपदेशक पेत्राची गोष्ट इथे संपवतात, कारण इथे ती गोड आहे. शास्त्र मात्र पुढे जाते. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरल्यानंतरही, हजारो लोकांनी त्याचे ऐकून बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, पेत्राला परजातीच्या माणसाच्या घरात पाऊल टाकणे जड जात होते. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीकडे जायला त्याला एक दृष्टांत व्हावा लागला, आणि तोही तीनदा. तो गेला, जेवला, राहिला. त्यानंतर काही काळाने अंत्युखियात तो परजातीय विश्वासणाऱ्यांबरोबर आनंदाने जेवत असे. मग यरुशलेमहून काही वजनदार मंडळी आली आणि पेत्र हळूच मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बर्णबासुद्धा उठला. पौलाने सगळ्यांच्या देखत पेत्राला तोंडावर सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हे सगळे आहे.

मराठी माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पंक्तिभेद म्हणजे काय हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पौलाने या बारीकशा वाटणाऱ्या गोष्टीला शुभवर्तमानाशी केलेली गद्दारी मानले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. येशूबरोबर तीन वर्षे राहिलेला, समुद्रावर चाललेला, क्षमा मिळालेला आणि आत्म्याने भरलेला माणूस पंगतीत चुकू शकतो. म्हणूनच वाढत राहा हे सांगण्याचा अधिकार पेत्राइतका दुसऱ्या कोणाला नाही.

आता वेरूळविषयी. हे लेखन या परिसरात राहून झाले आहे. इथली चौतीस लेणी बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तीन परंपरांची. पलीकडे घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग, घाट चढून गेले की खुलताबादचे सूफी दर्गे. या डोंगरात ख्रिस्ताचे नाव कोरलेले कुठे नाही. या भागात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे रत्नजी नवरोजी यांनी काम केले. ते जन्माने पारशी. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, बाप्तिस्मा १८४३ चा. त्यांच्याकडे आलेली कुटुंबे बहुतांशी मांग आणि महार वस्त्यांतली. एक ब्राह्मण आणि गावकुसाबाहेरची माणसे एका गावात, एका प्रार्थनामंदिरात, एका प्रभुभोजनाला बसतात, ही त्या काळच्या मराठवाड्यात काय गोष्ट असेल याचा विचार करावा. बेथेलविषयी आपल्या लोकांनाच फार थोडे ठाऊक आहे. कोणीतरी त्याचा नीट इतिहास मराठीत लिहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पण देवाच्या जवळ राहून माणूस बदलतो, ही समज या मातीत ख्रिस्ती मिशनरी येण्याच्या पुष्कळ आधीपासून होती. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात वेरूळला काही महिने राहिले. लीळाचरित्रातले येळापूर ते हेच. तो ग्रंथ वाचताना जाणवते की शिष्यांना काय शिकवले याच्या बरोबरीने त्यांच्यासोबत बसणे, उठणे, जेवणे, चालणे हेच तिथे जपून नोंदवले आहे. स्वामींचे सान्निध्य हीच त्या लोकांची सर्वांत मोठी मिळकत होती. वेरूळपासून जवळच देवगिरीचा किल्ला आहे. तिथे जनार्दनस्वामींकडे एकनाथ लहान वयात आले आणि वर्षानुवर्षे त्यांच्या सेवेत राहिले. हिशेबातली एका पैची चूक शोधण्यात त्यांनी रात्र घालवली ही कथा घरोघरी सांगतात. पुढे पैठणला श्राद्धाचे अन्न त्यांनी भुकेल्या अंत्यजांना वाढले आणि गावातले ब्राह्मण जेवायला यायचे थांबले, ही कथाही तितकीच प्रसिद्ध. पहिली कथा एकाग्रतेची म्हणून सांगितली जाते, दुसरी दयेची म्हणून. मला त्या एकाच माणसाच्या एकाच वाढीच्या कथा वाटतात. आधी गुरूच्या पायाशी घालवलेली वर्षे, मग उघडलेली पंगत.

एकनाथांना ख्रिस्ती ठरवण्याचा माझा हेतू नाही. ख्रिस्ती विश्वास सांगतो की देव स्वतः येशूमध्ये माणूस झाला, वधस्तंभावर मेला आणि उठला, आणि आपली जवळीक त्याच्याशी आहे. हा फरक मी पुसत नाही. पण येशूच्या जवळ राहण्याची रीत मराठी माणसाला शिकायची असेल तर संतांच्या अंगणातून गेल्याशिवाय ती नीट कळत नाही. अमेरिकन मराठी मिशनमधल्या जस्टिन ॲबट यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात महिपतीने लिहिलेली संतचरित्रे इंग्रजीत आणली, त्यांत १९२७ साली एकनाथांचे चरित्रही आले. परक्या देशातून आलेल्या मिशनरीला जे कळले ते आपण दूर ठेवण्याचे काही कारण नाही.

कवी ना. वा. टिळकांनी तर हे जाहीर सांगितले होते की तुकारामाच्या पुलावरून चालत ते ख्रिस्ताकडे आले. त्यांची सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून पुढे त्यांना ते पुस्तक ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांना कृपेतली वाढ समजून घ्यायची आहे त्यांनी १८९५ पेक्षा १९१७ कडे पाहावे. बावीस वर्षे नगरच्या मिशनमध्ये शिकवून, लिहून, ज्ञानोदय या नियतकालिकाचे संपादन करून, मान मिळवून झाल्यावर टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. संन्याशाच्या वृत्तीने राहायचे ठरवले आणि देवाचा दरबार सुरू केला. त्या दरबारात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य बसू शकत होते. मंडळीतल्या पुष्कळांना हे रुचले नाही. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, टिळक वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण त्यांची पंगत शेवटपर्यंत रुंद होत गेली, याला मी वाढ म्हणतो. त्यांच्या अभंगांमध्ये येशू गुरू आहे, माउली आहे, बोलण्याइतका जवळ आहे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट वेगळी होती, आणि मला ती अधिक शिकवणारी वाटते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्या डोक्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही आपले सोवळे सांभाळून, आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवून राहत होत्या. कोणी त्यांच्यावर वादात विजय मिळवला नाही. एके दिवशी त्यांच्या मनात विचार आला की देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या. आणि शिवाशिवीचे ते सगळे ओझे गळून पडले. त्या सगळ्यांच्या हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांचे आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचणारा वाचक या ठिकाणी थबकतो, कारण क्रम उलटा आहे. पंगत आधी बदलली, बाप्तिस्मा नंतर झाला. कृपा आधीपासून त्यांच्या घरात वावरत होती, त्यांच्या नकळत. पुढे टिळकांचे ख्रिस्तायन अपुरे राहिले तेव्हा शाळेत कधी न गेलेल्या या बाईंनी येशूची ती चरित्रकथा पुढे नेली. त्यातले बहुतांश अध्याय त्यांचे आहेत.

पंडिता रमाबाईंनी आपल्याविषयी जे लिहिले तेही याच संदर्भात वाचायला हवे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण नंतर त्यांनी मोकळेपणाने लिहिले की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. संस्कृत, हिब्रू, ग्रीक जाणणारी विदुषी हे लिहिते. दुष्काळातल्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणून त्यांनी जी पंगत मांडली ती या शोधानंतरची. आज ज्यांना वाटते की आपल्या बाप्तिस्म्याला वीस-तीस वर्षे झाली तरी आत काही घडत नाही, त्यांनी रमाबाईंची ही कबुली वाचावी आणि धीर धरावा.

धीराविषयी येशूने स्वतः जो दाखला दिला तो द्राक्षवेलीचा. मी वेल, तुम्ही फांद्या, आणि बाप माळी आहे, असा त्याचा आशय. जालन्याजवळचे कडवंची गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. त्या भागातल्या कोणत्याही बागायतदाराला विचारा, वेल वर्षातून किती वेळा छाटता? थंड देशांत वेल हिवाळ्यात निजते आणि एकदाच छाटतात. आपल्याकडे ती निजत नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीनंतर बाग भकास दिसते. ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, काही उरत नाही. मग नव्या काड्या फुटतात, पाने येतात, पण घड एकही दिसत नाही. त्याच महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत, उघड्या नजरेला न दिसणारा घड तयार होत असतो. त्याला पुरेसे ऊन लागते. त्या काळात ढगाळ राहिले तर ऑक्टोबरनंतर कितीही खत घाला, घड कमीच येतात.

आपल्या मंडळ्यांमध्ये ऑक्टोबरच्या छाटणीवरच सगळे बोलतात. फळ द्या, साक्ष द्या, सेवा करा. एप्रिलविषयी कोणी बोलत नाही. नोकरी गेली, मूल आजारी पडले, प्रार्थनेला बसले तरी शब्द सुचत नाहीत, शास्त्र उघडले तरी कोरडे वाटते, असे महिने प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या वाट्याला येतात. तेव्हा पाळकाकडे जावे तर तो विचारतो, तुमचा विश्वास कमी झाला का? माझ्या मते हा प्रश्न चुकीचा आहे आणि क्रूर आहे. छाटलेल्या फांदीने एवढेच करायचे असते की वेलीपासून सुटायचे नाही. न सुचणाऱ्या शब्दांसकट बसून राहायचे, कोरडे वाटले तरी अध्याय वाचायचा, रविवारी मागच्या बाकावर का होईना जाऊन बसायचे. देव त्या काळात काय घडवतो आहे हे त्या वेळी कळत नाही. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण याच काळावर आहे, आणि ते लिहायला मला सर्वांत अधिक वेळ लागला.

एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. मराठवाड्यातल्या, नगर-नाशिककडच्या आमच्या मंडळ्या ज्या पंगतीतून जन्मल्या ती पंगत आम्ही पुष्कळ ठिकाणी मोडली आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या सुखदुःखाला जातात, पण एकत्र प्रार्थनेला बसताना अवघडतात. नव्या प्रार्थनागृहांतली माणसे जुन्या मंडळीला मेलेली म्हणतात, जुनी मंडळी त्यांना उथळ म्हणते. आणि लग्न जुळवायची वेळ आली की बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेलेली जात कागदावर नाही तर तोंडावर परत येते. आमचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या गेल्या, आणि तरी त्यांतल्या कितीतरी कुटुंबांनी येशूचे नाव सोडले नाही. त्या आजी-आजोबांनी एवढी किंमत मोजून जी पंगत राखली, तिच्यात आपणच उपजातीची रेघ ओढावी, हे अंत्युखियातल्या पेत्राचेच पाप आहे. पेत्राला टोकायला पौल होता. आपल्याला टोकायला देवाचे वचन आहे, आणि ते पुरेसे आहे, जर आपण ते फक्त दुसऱ्याला ऐकवण्यासाठी वाचत नसलो तर.

देवाशी जवळीक ही एकांतात वाढते हे खरे. पहाटे उठून, दार लावून, एकट्याने बापाशी बोलायला येशूने शिकवले. त्याला पर्याय नाही आणि या पुस्तकातली पहिली काही प्रकरणे त्या एकांतावरच आहेत. पण ज्या एकांतातून उठलेला माणूस शेजाऱ्यापासून आणखी दूर जातो तो एकांत देवाबरोबरचा नसावा, असे मला वाटते. येशू जक्कयाच्या घरी उतरला, जकातदारांच्या मेजवानीला गेला, पकडून दिला जाण्याच्या रात्री यहूदालाही भाकर दिली. त्याच्याजवळ राहून वाढायचे म्हटले की त्याच्या पंगतीला जे बसले आहेत त्यांच्या शेजारी बसावेच लागते. तिथे आपल्याला निवड नसते.

या पुस्तकात नवा सिद्धांत नाही. प्रत्येक प्रकरणात शास्त्राचा एक अध्याय घेतला आहे, त्याच्या जोडीला मराठी ख्रिस्ती आयुष्यातला एखादा प्रसंग, आणि शेवटी काही प्रश्न. ते प्रश्न एकट्याने उत्तरे लिहिण्यासाठी नाहीत, घरात किंवा शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी एकत्र बसून बोलण्यासाठी आहेत. जे ख्रिस्ती नाहीत आणि कुतूहलाने हे पुस्तक हातात घेतील त्यांचेही स्वागत आहे. त्यांच्यासाठी कठीण शब्द जिथल्या तिथे उलगडून सांगितले आहेत.

वाचकांना एकच विनंती. हे एका बैठकीत संपवू नका. आठवड्याला एक प्रकरण पुरे. पहिले प्रकरण योहानाच्या पंधराव्या अध्यायावर आहे. आधी तो अध्याय मोठ्याने वाचा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि त्याच आठवड्यात, मंडळीतल्या ज्या घरी तुम्ही आजवर जेवायला गेला नाहीत, त्या घरी जा.